घारपुरेकाका आणि दहा दिवसांची माणसं

उज्जैनमध्ये ऐन मे महिन्यात खोलीत हीटर लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मनोहर घारपुरे. सकाळचे आठ वाजले नव्हते, तरी माधव नगरातल्या खिडक्याखिडक्यांत कूलर घरघरायला लागले होते. आणि हे गृहस्थ आपल्या स्टुडिओच्या आतल्या खोलीत, चष्मा कपाळावर सरकवून, भिंतीवरच्या थर्मामीटरला जवळजवळ नाक लावून म्हणत होते, "दोन डिग्री कमी पडतायत."

मग हीटर लागला. खोलीत मी होतो, माझी बायको वृंदा होती, माझी आई होती आणि आमची नऊ दिवसांची मुलगी होती. पंखा बंद, खिडकीला चादर, दाराला कडी. आमच्यातली फक्त मुलगी समाधानी दिसत होती.

घारपुरेकाका लग्नाचे फोटो काढत नसत. पासपोर्टचे काढत, पण 'सरकारी काम' म्हणून, तोंड वाकडं करून. त्यांचा सगळा जीव तान्ह्या बाळांच्या फोटोत. आणि तान्हं म्हणजे दहा दिवसांच्या आतलं. अकराव्या दिवशी कोणी बाळ घेऊन आलं की ते दारातच हात जोडत. "उशीर केलात. हा आता जगात रुळला. आता ह्याचा फोटो कोणीही काढेल."

ह्यामागे त्यांचं एक शास्त्र होतं. त्यांचे पूर्वज म्हणे शिंद्यांच्या दरबारात कारकून होते, त्यामुळे शास्त्राची भाषाही दरबारी. "मतलब काय," ते सांगत, "की शरीर आधी पोचतं. स्वारी मागाहून येते. आठ-दहा दिवस स्वारी वाटेत असते. ती पोचते त्या क्षणाला मी तिथे हजर पाहिजे. बस, एवढंच माझं काम." बाळ रडत असलं, हातपाय झाडत असलं की म्हणत, "स्वारी अजून वाटेत आहे." बाळ शांत झोपलं, कपाळावरची आठी सुटली, की आवाज खाली आणून म्हणत, "आली." मुलगा असेल तर 'साहेब', मुलगी असेल तर 'बाईसाहेब'. कुठल्याही बाळाला त्यांनी कधी अरे-तुरे केलं नाही. आईबापांना मात्र खुशाल करत.

भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती : 'यहाँ बच्चे को हँसाना मना है. वह अभी-अभी आया है.' खाली मराठीत, बहुधा आपल्या लोकांना वेगळं सांगावं लागतं म्हणून : 'चुटक्या वाजवू नयेत.'

माधव नगरातल्या एका मिठाईवाल्या सेठजींना नातू झाला. सेठजींची हौस अशी, की दुकानातल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात नातू, दुसऱ्यात पेढे, आणि मध्ये स्वतः सेठजी. तराजू हातगाडीवर घालून घेऊन आले. काकांनी तराजू दाराबाहेर ठेवायला लावला. "सेठजी, अभी से इसका तोल मत करो. पूरी दुनिया करनेवाली है." सेठजी रागावून परत गेले. दोन दिवसांनी, दहाव्या दिवशी, तराजू न घेता आले आणि तीन तास बनियनवर घाम पुसत बसले. रामघाटावरचे एक पंडितजी नातवासाठी मुहूर्त काढून आले होते, नऊ वाजून बारा मिनिटं. काका म्हणाले, "पंडितजी, घाट पे मुहूर्त आप निकालो. यहाँ मुहूर्त ये निकालेंगे." साहेबांनी मुहूर्त काढला दुपारी एकचा. पंडितजी उपाशी बसून राहिले.

तो नव्वदीच्या सुरुवातीचा काळ होता. गल्लीत केबल आली होती, चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले होते, आणि फ्रीगंजमध्ये 'एका तासात रंगीत फोटो' देणारं नवं काचेचं दुकान निघालं होतं. मी बँकेत नोकरीला. मला ते काचेचं दुकान आवडायचं. घारपुरेकाकांकडे जायची कल्पना माझी नव्हतीच. ती वृंदाची.

वृंदाचं माहेर नागपूर. पहिलं बाळंतपण तिकडेच व्हायचं होतं. पण सातव्या महिन्यात तिच्या वडिलांना हृदयाचा झटका आला, घर दवाखान्यात गुंतलं, आणि ती उज्जैनलाच राहिली. मुलगी झाली तेव्हा तिकडून निरोप आला : बाबांचं ऑपरेशन शुक्रवारी आहे. आणि बाबा म्हणतायत, त्याच्या आधी एकदा नातीचं तोंड बघायचंय.

निरोपात तेवढंच होतं. पण वृंदाने तो ऐकला आणि ती उठून बसली. "फोटो जायला पाहिजे," ती म्हणाली. "शुक्रवारच्या आधी."

मी लगेच मित्राचा कॅमेरा आणला, पलंगावरच्या मुलीवर अख्खा रोल संपवला आणि एका तासात छत्तीस रंगीत फोटो घेऊन आलो. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत एक उघडं तोंड होतं. तेही लाल. भोवती कुठेतरी मुलगी असावी असा अंदाज करता येत होता. वृंदाने सगळे बघितले, गठ्ठा नीट जुळवून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हे बघून बाबा ऑपरेशन टेबलवरून उठून इकडे येतील. घारपुऱ्यांना विचारा."

विचारण्यात अडचण आईची होती. आमच्या आईच्या कायद्याप्रमाणे सव्वा महिना बाळाने उंबरा ओलांडायचा नाही. मी काकांना ही अडचण सांगितली, तर ते संध्याकाळी स्वतःच घरी आले. आईने पाणी बाहेरच्या ओट्यावर आणून दिलं.

"आम्हाला सोयर आहे," ती म्हणाली.

"असू द्या. मी बारा महिने कोणा ना कोणाच्या सोयरातच असतो."

"एवढ्या लहान जिवाला नजर लागते."

"कॅमेऱ्याला एकच डोळा असतो आजी, आणि तो माझ्या ताब्यात असतो. तुम्ही तीट लावा. दोन लावा. मी एकही पुसणार नाही."

"सव्वा महिना बाळाला बाहेर नेत नाहीत."

"दवाखान्यातून घरी आणलंत ते काय खिडकीतून?"

आई गप्प झाली. आमच्या घरात ही घटना फार क्वचित घडत असे. मग वृंदा आतून दारापर्यंत आली. चालताना अजून तिला त्रास होत होता. ती आईला एवढंच म्हणाली, "बाबांना बघायचंय." आईने ओट्यावरचा रिकामा पेला उचलला. मग काकांना म्हणाली, "मी बरोबर येणार. आणि मी सांगेन तेव्हा परत निघायचं." काका म्हणाले, "जरूर या. नखं कापून या."

अशा तऱ्हेने मंगळवारी सकाळी आम्ही त्या भट्टीत दाखल झालो.

तुम्ही कधी अशा कामाला गेला असाल आणि तुम्हाला वाटत असेल की बाळ ठेवायचं, बटण दाबायचं आणि निघायचं, तर काकांनी तुम्हाला परत पाठवलं असतं. आधी आमच्या अंगठ्या, घड्याळं, वृंदाच्या बांगड्या निघाल्या. मग कोपरापर्यंत हात धुणं. मग त्यांनी आईची नखं तपासली. आईची! मग बाळाच्या लंगोटाची नाडी सैल करायला लावली, कारण नाडीचा वळ कातडीवरून जायला अर्धा तास लागतो. मग वृंदाला पडद्याआड बसवून हुकूम, "पोट भरून पाजा. घाई नको. आराम से. भुकेल्या माणसाचा फोटो काढणं हा अपमान आहे." स्वतः काका पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वर टाय. आम्ही घामाने निथळतोय आणि हे टायची गाठ नीट करतायत. मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "पहिली भेट आहे ना."

आणि मग ट्रान्झिस्टर. मला वाटलं गाणी लावतील. त्यांनी काटा दोन स्टेशनांच्या मधोमध आणून ठेवला. खर्रर्र असा एकसुरी आवाज खोलीभर पसरला.

"लागत नाहीये," आई म्हणाली.

"लागलंय," काका म्हणाले. "नऊ महिने आत हाच आवाज ऐकलाय बाईसाहेबांनी. तिथे कोणी फर्माइशी गाणी लावत नव्हतं."

मुलगी त्या आवाजाने खरंच शांत झाली. झोपली. काकांनी तिला वृंदाच्या मांडीवरून उचलून मऊ चादरीवर ठेवलं. ठेवताक्षणी तिने डोळे उघडले आणि माझ्या छत्तीस फोटोंतलं तोंड उघडलं. पुन्हा पाजणं, पुन्हा खर्रर्र, पुन्हा झोप, पुन्हा ठेवणं, पुन्हा तोंड. असं पाच वेळा. साडेदहाला लाइट गेली. हीटर विझला ह्याचा आनंद व्हायच्या आतच काका म्हणाले, "बस. आज स्वारी येत नाही. उद्या या."

माझा संयम संपला. मी म्हणालो, "काका, शुक्रवारी ऑपरेशन आहे. बँकेतले आमचे कुलकर्णी उद्या संध्याकाळच्या गाडीने नागपूरला निघतायत. त्यांच्या हातात पाकीट पडलं नाही तर काही उपयोग नाही. नाहीतर मी फ्रीगंजला जातो, तिथे तासात देतात."

"देतील," काका शांतपणे म्हणाले. "फोटो देतील. आणि गाडीचं मला कशाला सांगता? बाईसाहेबांना सांगा."

मी वृंदाकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, केस कपाळाला चिकटले होते. "उद्या सातला येतो," ती त्यांना म्हणाली.

बुधवारी सातला आम्ही पुन्हा हजर. त्या दिवशी बाईसाहेबांनी झोपायचंच नाही असं ठरवलं होतं. आठ वाजले, नऊ वाजले. काका चिडत नव्हते, थकत नव्हते, घड्याळाकडे बघत नव्हते. गुडघ्यांवर बसून ते तिच्याशी बोलत होते. "काही हरकत नाही. रस्ता लांबचा आहे. आम्ही आहोत इथे." दहाला त्यांनी तिला दोन्ही हातांत उचललं, आणि तिने त्यांच्या टायवर मनसोक्त शू केली. मी धावलो. काकांनी मानेनेच मला थांबवलं, तिचं होईपर्यंत तिला तसंच धरून ठेवलं आणि मग म्हणाले, "सही झाली. आता काम पक्कं."

पण ठेवलं की ती जागी होतच होती. अकराला आई उठली. दोन दिवस ती कोपऱ्यात पदराने वारा घेत बसली होती. "इकडे द्या," ती म्हणाली. विनंती नव्हती ती. काकांनी मुलगी तिच्याकडे दिली. आईने तिला पायांवर घेतलं, थोपटलं, आणि झोपल्यावर चादरीवर ठेवलं. पण हात काढला नाही. पंजा तिच्या छातीवर तसाच ठेवून ती वाकून राहिली, किती तरी वेळ. मग करंगळी उचलली. थांबली. मग तिच्या शेजारचं बोट. थांबली. असं एक-एक करत पाचवं बोट उचललं, तरी मुलगी झोपलेली.

काका डोळे मोठे करून बघत होते. "आजी," ते कुजबुजले, "हे कुठे शिकलात?"

"चार पोरं वाढवलीत," आई म्हणाली. "काढा आता."

त्यांनी खिडकीवरची चादर थोडी बाजूला केली. फ्लॅश ते वापरत नसत. मग एकदम वृंदाला विचारलं, "फोटो कोणासाठी म्हणालात?"

"माझ्या वडिलांसाठी."

"मग हात ठेवा तुमचा. इथे, डोक्याशी. हात नसला तर माप कळत नाही."

वृंदा मागे सरली. तिच्या हातावर सलाइनच्या सुईचा काळानिळा डाग होता, बोटं अजून सुजलेली. "निदान बांगड्या घालू द्या," ती म्हणाली.

"बांगड्या नको. त्यांनी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुम्ही बांगड्या घातल्या होत्या?"

तिने हात ठेवला. काका कॅमेऱ्यावर वाकले. मुलीने श्वास घेतला, सोडला. प्रत्येक वेळी सोडताना कपाळावरची आठी थोडी सैल होत होती. आम्ही सगळेच तिच्याबरोबर श्वास घ्यायला लागलो होतो. शेवटी ती आठी पूर्ण गेली. "आली," काका ओठांतल्या ओठांत म्हणाले आणि बटण दाबलं. एकूण चार फोटो काढले. पाचवा काढा म्हटलं तर म्हणाले, "आता तो आपला लोभ."

फोटो काळे-पांढरे होते. "रंगीतमध्ये दहा दिवसांचं माणूस टमाटर दिसतं," असं त्यांचं मत, आणि माझे छत्तीस पुरावे घरी होतेच. जेवण न करता ते अंधाऱ्या खोलीत शिरले, आणि चार वाजता पाकीट माझ्या हातात दिलं. कुलकर्णींची गाडी सुटायच्या आत मी ते स्टेशनवर पोचवलं.

गुरुवारी संध्याकाळी वृंदाने हट्टाने रिक्षा करून एसटीडी बूथ गाठला. आईने मुलीला तीट लावून दिली. नागपूरला वृंदाच्या भावाने दवाखान्यातल्या फोनपर्यंत बाबांना आणलं होतं. मी बूथच्या काचेबाहेर मुलीला घेऊन उभा होतो. वृंदा दोन वाक्यं बोलली आणि रडायलाच लागली. मी घाबरलो. बाहेर आल्यावर तिने सांगितलं, "बाबा म्हणाले, पोरगी फार गोड आहे. मग म्हणाले, पण तुझ्या हाताला काय लागलंय गं?"

ऑपरेशन नीट झालं. पुढच्या वर्षी वाढदिवसाला बाबा स्वतः आले, नातीसाठी सायकल घेऊन. तिला तेव्हा धड उभंही राहता येत नव्हतं.

घारपुरेकाकांचं आमच्याकडे येणं-जाणं त्यानंतर वाढलं. आईशी त्यांचं विशेष जमलं. म्हणजे दोघं सतत भांडत. ते स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगा होता, शेखर, 'बाहेर' असतो म्हणत. बाहेर म्हणजे इंदूर की मुंबई, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मुलगी दीड वर्षाची झाली त्या हिवाळ्यात आमच्या घरी फोन बसला. तेव्हा गल्लीत दोन-तीनच फोन होते, त्यामुळे शेजारपाजारचे निरोप आमच्याकडे येत. एका शनिवारी काका आले, जरा अवघडून बसले आणि म्हणाले, "तुमचा नंबर मी शेखरला दिलाय. विचारलं नाही तुम्हाला. उद्या सकाळी सातला तो फोन करणार आहे. अमेरिकेतून."

अमेरिकेतून! आई आतून बाहेर आली.

"त्याला मुलगी झाली," काका म्हणाले. "तार आली काल. जन्म परवाचा."

रविवारी साडेसहालाच ते येऊन फोनशेजारच्या खुर्चीत बसले. हातात दोन्ही बाजूंनी भरलेला एक कागद होता. त्यांनी तो मला दाखवला. खोली किती गरम हवी, कुठल्या बाजूच्या खिडकीचा उजेड, कॅमेरा किती अंतरावर, बाळाला कसं ठेवायचं, सगळं नंबर घालून लिहिलेलं. सातव्या नंबराखाली 'आजींची पद्धत' असा मथळा होता. "शेखरला बटण दाबण्यापलीकडे काही येत नाही," ते म्हणाले. "कधी शिकलाच नाही माझ्याकडे. पण अजून सात दिवस आहेत हातात. मी फोनवर एक-एक पायरी सांगतो. जमवतोच त्याच्याकडून."

सात वाजून पाच मिनिटांनी लांब घंटी वाजली. काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "हां शेखर! बोल. कशी आहे सून? ... आणि बाईसाहेब? ... वा. वा. हे बघ, आता मी सांगतो ते लिहून घे. पेन आहे? पहिलं म्हणजे..."

ते थांबले. पलीकडून शेखर काहीतरी सांगत होता. काका ऐकत होते.

"झाले काढून?" ते म्हणाले. "दवाखान्यातच? ... अच्छा, त्यांचाच माणूस असतो. ... पाच मिनिटांत? अरे वा. छान. ... नाही नाही, मी सहज म्हणत होतो. ... हो, पाठव. टपालाने पाठव. किती दिवस लागतात? ... असू दे. येतील."

बोलता बोलता त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. वृंदा माझ्याकडे बघत होती.

"शेखर," काका म्हणाले, "झोपली आहे का ती? ... मग उठवू नकोस. फोन फक्त तिच्याजवळ नेऊन धर. तोंडाजवळ. बस, धरून ठेव."

त्यांनी डोळे मिटले आणि रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. एक बोट वर करून आम्हाला गप्प राहायची खूण केली.

"ऐकू येतोय," ते हळूच म्हणाले. "श्वास."

आत गॅसवर कुकर होता. आईने नाश्त्यासाठी बटाटे लावले होते, आणि शिट्टी व्हायच्या बेतात तो फसफसायला लागला होता. आई पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेली आणि तिने गॅस बंद केला. त्या दिवशी नाश्त्याला फार उशीर झाला.